फिल्म एसएलआर निवडताना: हाताळणी आणि फ्लॅशची तुलना कशी करावी

जुना फिल्म कॅमेरा घ्यायचं ठरलं की चर्चा लेन्सच्या काचेवर आणि बॉडीवरच्या नावावर अडकते. रोल मात्र वाया जातात ते वेगळ्याच कारणांनी. अंधारात उजेड मोजणारा मीटर दिसत नाही, फ्लॅश लावल्यावर अर्धी फ्रेम काळी येते, भर उन्हात फेट्याखालचा चेहरा ओळखू येत नाही. कोल्हापुरात फोटो काढणाऱ्याला हे तिन्ही प्रसंग रोजचे आहेत: तालमीतला कमी उजेड, गुऱ्हाळातली वाफ, जोतिबाच्या डोंगरावरचं ऊन. म्हणून बॉडी निवडताना आधी ती हातात कशी चालते आणि फ्लॅशला कशी साथ देते ते बघा. ब्रँडचं नाव त्यानंतर.

तुलनेसाठी सेकंडहँड बाजारात नेहमी नाव निघणाऱ्या पाच बॉडी घेऊ: पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम२, ऑलिंपस ओएम-२एन, कॅनन एई-१ प्रोग्राम आणि निकॉन एफ८०. पहिल्या दोन पूर्ण मेकॅनिकल आहेत, सेल फक्त मीटरसाठी लागतात. उरलेल्या तिघींचं काम सेलवर चालतं. एफ८० तर ऑटोफोकसवाली, २००० सालची.

डोळ्याला लावून बघा

कॅमेरा टेबलावर ठेवून काही कळत नाही. डोळ्याला लावा आणि डोळा न काढता चार गोष्टी करा: शटर स्पीड बदला, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) बदला, फोकस करा, लिव्हर ओढून पुढची फ्रेम घ्या. कुठे बोट अडखळतं, कुठे डोळा काढावा लागतो, ते लक्षात ठेवा.

के१०००मध्ये व्ह्यूफाइंडरमधून मीटरची सुई तेवढी दिसते. शटर किती, ॲपर्चर किती, हे बघायला कॅमेरा खाली घ्यावा लागतो. उजेडात सुई छान वाचता येते, पण तालमीत किंवा रात्रीच्या मिरवणुकीत काळ्या पार्श्वभूमीवर ती दिसेनाशी होते. सेल्फ टायमर नाही, डेप्थ ऑफ फील्ड बघायची सोय नाही. मीटरला बंद करायचं बटणही नाही. लेन्सला टोपी लावली तरच मीटर शांत बसतो, म्हणून टोपी विसरलात तर सेल उतरतो.

एफएम२मध्ये शटर स्पीड डावीकडे दिसतो, ॲपर्चर वरच्या छोट्या खिडकीतून दिसतं आणि मीटर लाल एलईडीवर चालतो. कमी उजेडात हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो. तिची एक खोड मात्र माहीत हवी. वाइंड लिव्हर बॉडीला चिकटवून ठेवली की शटर बटण लॉक होतं. फोटो काढताना ती थोडी बाहेर ओढून ठेवावी लागते. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांच्या कपाळाला ती टोचते. दुकानात हे दोन मिनिटांत कळतं, घरी आल्यावर कळलं तर उपयोग नाही.

ओएम-२एनचा शटर स्पीड लेन्सच्या मुळाशी असलेल्या रिंगवर आहे. डावा हात लेन्सखाली असतोच. त्याच हाताने शटर, फोकस, ॲपर्चर तिन्ही होतं. सवय व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाली की डोळा काढायची गरज राहत नाही. बॉडी लहान आणि व्ह्यूफाइंडर मोठा. चष्मा असेल तर मात्र चारी कोपरे दिसतात का ते तपासून घ्या.

एई-१ प्रोग्राम शिकणाऱ्याला सोपी. लेन्स ‘ए’वर ठेवा, शटर तुम्ही ठरवा किंवा तेही प्रोग्रामवर सोडा. मॅन्युअलवर मात्र मीटर फक्त ॲपर्चर सुचवतो; तुम्ही रिंगवर प्रत्यक्ष काय लावलंय ते आत दिसत नाही. फ्लॅशचं काम मॅन्युअलवर करणाऱ्याला हे खटकतं. तिला ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल लागतो आणि तो संपला की शटर उघडतच नाही, तेव्हा एक जादा सेल पिशवीत हवाच.

एफ८० पकडीला सगळ्यात आरामशीर. तिला सीआर१२३एचे दोन सेल लागतात. गल्लीतल्या घड्याळाच्या दुकानात एलआर४४ मिळेल, हे मिळेलच असं नाही. जुन्या मॅन्युअल निकॉन लेन्स तिच्यावर बसतात, पण मीटर काम करत नाही. आणि तिच्या मागच्या दारावरचा रबरी लेप आपल्या पावसाळी हवेत चिकट होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसून निघतो, म्हणून केवळ तेवढ्यासाठी चांगली बॉडी सोडू नका.

सिंक स्पीड: पाठ करावा असा एकच आकडा

फ्लॅशचा झोत फार थोडा वेळ चालतो, पूर्ण ताकदीवरही साधारण हजाराव्या सेकंदाच्या आसपास. त्या क्षणी शटरचे दोन्ही पडदे फ्रेमच्या बाहेर असायला हवेत. ज्या सर्वांत वेगवान स्पीडवर हे घडतं, तो सिंक स्पीड. त्याच्या पुढे गेलात की पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा निघालेला असतो, फिल्मवर एक फट सरकत जाते आणि फ्लॅश त्या फटीपुरताच उमटतो.

के१००० आणि ओएम-२एनचा कापडी पडदा आडवा धावतो, त्याला ३६ मिलिमीटर पार करायचे असतात. त्यांचा सिंक १/६०. एई-१ प्रोग्रामही १/६०चीच. एफएम२चा धातूचा पडदा उभा धावतो, अंतर २४ मिलिमीटर आणि पाती हलकी. १९८२च्या पहिल्या एफएम२चा सिंक १/२०० होता, १९८४पासूनच्या सुधारित मॉडेलचा १/२५०. बाजारात या सुधारित मॉडेलला एफएम२एन म्हणतात. तिच्या सीरियल नंबरच्या आधी एन असतो, ते बघूनच पैसे द्या. एफ८०चा सिंक १/१२५.

चूक झाली तर निगेटिव्हवरून कारण ओळखता येतं. आडव्या पडद्याच्या कॅमेऱ्यात फ्लॅश न पोहोचलेला पट्टा फ्रेमच्या आखूड बाजूला येतो, उभ्या पडद्याच्या कॅमेऱ्यात लांब बाजूला. पट्टा नसून सगळीच फ्रेम फ्लॅशविना आली असेल तर दोष बहुधा संपर्काचा. ओएम-१सारख्या काही जुन्या बॉडींवर सिंक सॉकेटपाशी एफपी आणि एक्स अशी कळ असते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला एक्सच हवं. एफपी हे जुन्या बल्बसाठी होतं. त्यावर फ्लॅश पडदा उघडण्याआधीच उडून जातो.

उन्हातलं गणित

सिंक स्पीड घरात फारसा जाणवत नाही. उन्हात मात्र तोच सगळं ठरवतो, आणि निवडीचा खरा मुद्दा इथेच आहे.

चैत्र यात्रेत जोतिबावर दुपारी सासनकाठी पेलणाऱ्याचा फोटो घ्यायचाय असं धरा. १०० आयएसओचा रोल (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील), डोक्यावर ऊन. फेट्याच्या सावलीत चेहरा काळा, म्हणून भरणीपुरता, म्हणजे सावली उजळण्याइतका, फ्लॅश हवा. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकद सांगणारा आकडा, १०० आयएसओला मीटरमध्ये २८ आहे. गाइड नंबर भागिले ॲपर्चर म्हणजे अंतर.

एफएम२एनवर १/२५० लावलं तर उन्हाला साधारण एफ/११ लागतं. २८ भागिले ११, म्हणजे अडीच मीटर. भरणीसाठी फ्लॅश एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी असलेलाच बरा दिसतो, तेव्हा अंतर १.४ पटीने वाढतं: साडेतीन मीटर. इतक्या अंतरावरून ३५ मिलिमीटरच्या लेन्सने माणूस आणि काठीचा बराच भाग येतो.

के१०००वर १/६० लावलं तर एफ/२२ लागतं. २८ भागिले २२, म्हणजे सव्वा मीटर. एक स्टॉप कमी धरला तरी पावणेदोन मीटर. गर्दीत एवढं जवळ जाऊन काठी फ्रेममध्ये बसत नाही. २०० आयएसओचा रोल असेल तर १/६०ला एफ/२२सुद्धा पुरत नाही, फ्रेम पाऊण-एक स्टॉप जास्त उजळते. रंगीत निगेटिव्ह तेवढं सहन करतं, स्लाइड फिल्म करत नाही.

एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावून हे सुटेल असं अनेकांना वाटतं. सुटत नाही. फिल्टर ऊन अडवतो तसाच फ्लॅशही अडवतो, म्हणून ॲपर्चर उघडता आलं तरी फ्लॅशचा पल्ला तेवढाच राहतो. पल्ला वाढवायचा तर सिंक स्पीड वाढवा किंवा मोठा फ्लॅश आणा.

म्हणून उन्हात माणसांचे फोटो काढायचे असतील तर एफएम२एन या पाचांत सरळ पुढे आहे. एफ८० मधोमध बसते आणि तिचा वर उघडणारा छोटा फ्लॅश नेहमी सोबत असतो. मात्र त्याचा गाइड नंबर फक्त १२ आहे. १/१२५ आणि एफ/१६ धरला तर एक स्टॉप कमी ठेवूनही तो एक मीटरच्या आसपास पुरतो. तो वापरताना लेन्सचं हूड काढा, नाहीतर फ्रेमच्या तळाशी अर्धगोल सावली येते.

विकत घेण्याआधीची तपासणी

सोबत ताजे सेल, चालू स्थितीतला एक छोटा फ्लॅश आणि मोबाइल घेऊन जा. विकणाऱ्याला आधीच सांगा की मागचं दार उघडून बघणार आहे. आत रोल नाही ना, याची खात्री करून घ्या.

मागचं दार उघडा आणि कडेच्या खाचेतला काळा फोम बोटाने दाबा. चिकट डांबरासारखा लागला तर तो बदलावा लागेल. काम स्वस्त आहे, पण न बदलता रोल टाकला तर प्रकाश गळून पट्टे येतात. आरशाच्या वरच्या कडेचा फोमही बघा. त्याचे कण फोकसिंग स्क्रीनवर पडतात.

मग लेन्स काढा आणि मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शटर मागून चित्रित करा. १/३० स्पीडला पडदा साधारण ८ फ्रेम उघडा दिसला पाहिजे, १/६०ला ४. एक सेकंदाचा स्पीड दोन सेकंद चालत असेल तर आतलं तेल सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा. १/१००० या मार्गाने मोजता येत नाही. त्यासाठी कॅमेरा आकाशाकडे धरून बघा: एका कडेला अंधार दिसत असेल तर दोन्ही पडद्यांची चाल जुळत नाही. कापडी पडदा बोटाने दाबू नका, ओढू नका. त्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं तरी प्रत्येक फ्रेमवर ठिपका येतो.

आता फ्लॅशची चाचणी. लेन्स काढलेली, दार उघडं. फ्लॅश हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) बसवून पांढऱ्या भिंतीसमोर एक मीटरवर उभे राहा. सिंक स्पीड लावा, मागून फूटभर अंतरावरून आत बघत बटण दाबा. पूर्ण आयत पांढरा चमकला तर सिंक ठीक. मग मुद्दाम एक-दोन पायऱ्या वरचा स्पीड लावा. आयताचा एक भाग काळा राहतो, तो कसा दिसतो हे डोळ्यांत बसवून घ्या. फ्लॅश उडालाच नाही तर हॉट शूचा मधला संपर्क पेन्सिलच्या रबराने घासा, अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा बघा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. बॉडीवर पीसी सॉकेट (फ्लॅशची केबल लावायची जागा) असेल तर केबल लावून तोही तपासा. एफ८०ला तो नाही, वेगळा अडॅप्टर लागतो.

ओएम-२एनचा हॉट शू स्क्रूने बसतो आणि काढता येतो. त्याच्या प्लॅस्टिकला तडा गेलेला असणं फार सामान्य आहे. त्यावर जड फ्लॅश बसवून कॅमेरा उभा धरू नका. मोठा फ्लॅश कुठल्याही बॉडीवर ब्रॅकेट आणि केबलनेच बरा. एई-१ प्रोग्रामचं बटण दाबताना घरघर किंवा चिरका आवाज आला तर आरशाच्या यंत्रणेला तेलाची गरज आहे. हा या मॉडेलचा ठरलेला आजार आहे आणि दुरुस्त होतो, पण त्या हिशोबाने भाव खाली आणा.

जुना फ्लॅश लावण्याआधी व्होल्टेज मोजा

घरात पडलेला मोठा जुना फ्लॅश सरळ कॅमेऱ्यावर चढवू नका. जुन्या फ्लॅशमध्ये, उदाहरणार्थ सुरुवातीच्या काळातल्या व्हिव्हिटार २८३मध्ये, ट्रिगरच्या संपर्कावर २०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असू शकतो. के१०००सारख्या मेकॅनिकल बॉडीत त्याने हळूहळू संपर्क जळतात, तर इलेक्ट्रॉनिक बॉडीत सर्किटच जाऊ शकतं.

मल्टिमीटर डीसीच्या ५०० किंवा ६०० व्होल्टच्या पट्टीवर ठेवा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून चालू करा, रेडी लाइट लागू द्या. लाल टोक पायाच्या मधल्या टाचणीला, काळं टोक कडेच्या धातूच्या पट्टीला. २४ व्होल्टच्या आत असेल तर बहुतेक बॉडींना चालेल. कॅननच्या अनेक ईओएस बॉडींसाठी मर्यादा फक्त ६ व्होल्ट आहे. फ्लॅश उघडून बघायच्या फंदात पडू नका. आतला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर असतो आणि सेल काढल्यावरही भरलेला राहतो.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर आधी जागा करावा लागतो. ताजे सेल घाला, रेडी लाइट लागू द्या, काही मिनिटं तसाच चालू ठेवा, मग उडवा. असं अनेकदा करा. चार्ज व्हायचा वेळ कमी होत गेला तर फ्लॅश वाचलाय. नेहमीच्या वापराला रिचार्जेबल सेल घ्या, अल्कलाइनपेक्षा लवकर चार्ज करतात.

मॅन्युअल, ऑटो की टीटीएल

टीटीएल म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश मोजून कॅमेऱ्यानेच फ्लॅश आवरणं. के१००० आणि एफएम२मध्ये ते नाही. त्यांच्यावर फ्लॅश मॅन्युअल चालतो, नाहीतर स्वतःच्या डोळ्यावर, म्हणजे फ्लॅशच्या पुढच्या सेन्सरवर. एई-१ प्रोग्रामलाही टीटीएल नाही, पण कॅननचा १८८ए किंवा १९९ए लावला तर चार्ज होताच कॅमेरा आपोआप १/६० घेतो आणि लेन्स ‘ए’वर असेल तर ॲपर्चरही फ्लॅशच सांगतो. लग्नात एकामागून एक फोटो काढताना स्पीड चुकण्याची भीती राहत नाही. मंद शटर हवं असेल तेव्हा साधा, एकाच टाचणीचा फ्लॅश लावा.

ओएम-२एन फिल्मवर पडून परतणारा प्रकाश एक्सपोजर चालू असतानाच मोजते आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडते. ही पद्धत १९७५च्या ओएम-२ने आणली. त्यासाठी ऑलिंपसचा टी मालिकेतला फ्लॅश, टी२० किंवा टी३२, लागतो. एफ८०ला निकॉनचे एसबी-२८, एसबी-६००, एसबी-८०० चालतात, पण एसबी-७०० तिच्यावर टीटीएल देत नाही. आजचे डिजिटलसाठी बनवलेले बहुतेक फ्लॅश आधी एक चाचणीचा झोत टाकून मोजतात. जुन्या फिल्म बॉडीला ती भाषा कळत नाही. अशा फ्लॅशला मॅन्युअलवर ठेवा, उत्तम काम करतो.

मोजणी टीटीएल असो वा सेन्सरची, दोन्हींना एकच गोष्ट फसवते. मागे मोठा काळोख असला की फ्लॅश जास्त उडतो आणि चेहरा पांढराफटक होतो. समोर पांढरे सदरे-टोप्या असतील तर फ्लॅश लवकर तुटतो आणि चेहरे काळे पडतात. एफ८०वर फ्लॅशची भरपाई -३ ते +१ पर्यंत देता येते. सेन्सरवाल्या फ्लॅशवर आयएसओची पट्टी फसवून तेच करता येतं: ४०० ऐवजी ८०० लावलं की एक स्टॉप कमी. मॅन्युअल फ्लॅशला हा प्रश्नच नाही, कारण त्याला फक्त अंतर कळतं.

तालीम, मैदान, गुऱ्हाळ

तालमीत मॅन्युअलच वापरा. ४०० आयएसओला २८चा गाइड नंबर ५६ होतो; पाव ताकदीवर तो २८. साडेतीन मीटरवर एफ/८, झालं. पाव ताकदीमुळे चार्जही पटकन होतो. जुन्या तालमींचं छत कौलारू आणि लाकूड काळं पडलेलं असेल तर वर झोत मारून उजेड परत येत नाही. त्यापेक्षा केबलने फ्लॅश बाजूला धरा, अंगावरची माती आणि स्नायू उठून दिसतात. वस्तादांना आधी विचारा. झोंबी चालू असताना डोळ्यांवर झोत मारायचा नाही, सराव थांबल्यावर फोटो घ्या.

खासबागच्या कुस्ती मैदानात बसल्या जागेवरून फ्लॅश उडवणं व्यर्थ. १५ मीटर अंतर धरलं तर ४०० आयएसओला पूर्ण ताकदीवरही एफ/४च्या खाली यावं लागतं, आणि आधी उजळतात ती पुढच्या रांगेतली डोकी. तिथे फ्लॅश काढून ठेवा आणि ४०० आयएसओचा काळा-पांढरा रोल १६००वर पुश करा, म्हणजे १६००चा धरून फोटो काढा आणि लॅबला जास्त वेळ डेव्हलप करायला सांगा.

गुऱ्हाळात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश म्हणजे पांढरी भिंत, कारण वाफ लेन्सजवळच उजळते. फ्लॅश केबलने काहिलीच्या बाजूला न्या आणि गुळव्यापासून साडेतीन मीटरवर एका मदतनीसाकडे धरायला द्या. ४०० आयएसओ, एफ/५.६, फ्लॅश एक अष्टमांश ताकदीवर, शटर १/१५. फ्लॅश गुळव्याला थांबवतो आणि मंद शटर चुलवाणातला जाळ उचलतो. जाळ कमी वाटला तर शटर १/८ करा, ॲपर्चरला हात लावू नका. ते बदललं की फ्लॅशचंही गणित हलतं. थंडीच्या पहाटे बाहेरून आत आलात तर लेन्सवर दव धरतं. टोपी लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसत बसू नका.

जोतिबावर गुलाल उधळला जात असताना लेन्स बदलू नका आणि दार उघडू नका. रोल संपला तर गर्दीतून बाहेर येऊन कॅमेरा आधी बाहेरून झटका, हवेच्या फुग्याने साफ करा, मगच उघडा. ओल्या कापडाने गुलाल पुसला की तो लेन्सच्या रिंगमध्ये शिरतो. आरशाला तर हातच लावायचा नाही.

पहिला रोल चाचणीचा

३६चा रोल घ्या आणि वहीत प्रत्येक फ्रेमची नोंद ठेवा. पहिल्या १० फ्रेम फ्लॅशशिवाय, एकाच भिंतीवर, जोडीजोडीने शटर आणि ॲपर्चर बदलून. सगळ्या सारख्याच गडद यायला हव्यात. पुढच्या ९ फ्रेम मॅन्युअल फ्लॅशने: माणूस २ मीटरवर, मग ३, मग ४, प्रत्येक वेळी गाइड नंबरने काढलेलं ॲपर्चर आणि त्याच्या वर-खाली एकेक स्टॉप. फ्लॅशवर छापलेला गाइड नंबर अनेकदा आशावादी असतो. तुमच्या फ्लॅशचा खरा आकडा इथे मिळतो. पुढच्या ८ उन्हातल्या भरणीच्या, सिंक स्पीडवर. उरलेल्या सेन्सर किंवा टीटीएलच्या, एकदा काळ्या आणि एकदा पांढऱ्या पार्श्वभूमीवर.

लॅबवाल्याला सांगा की निगेटिव्ह परत हवीत आणि पट्ट्या कापण्याआधी बघायची आहेत. स्कॅनमध्ये लॅब उजेड सावरून देते, त्यामुळे चूक दिसत नाही. खिडकीसमोर निगेटिव्ह धरा. फ्लॅशच्या फ्रेम पातळ, जवळजवळ पारदर्शक असतील तर प्रकाश कमी पडलाय, तेव्हा गाइड नंबर २८ ऐवजी २० धरून पुन्हा मोजा. काळे पट्टे फ्रेमच्या बाहेर, छिद्रांपर्यंत गेले असतील तर दाराचा फोम गळतोय. फ्रेमच्या आतच थांबत असतील तर शटरकडे बघा.